पाखराचा पाय

ऑक्सनहर्स्ट, केंट
गुरुवार, २ मार्च

चि. रोवेना हिला तिच्या आईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत, पण आम्ही एका घरात राहतो इतकंच, बोलणं बंद आहे. तूही बरी असशील असं धरून चालते. तिकडे टास्मानियात आता द्राक्षांची तोडणी ऐन भरात असेल, म्हणजे हे पत्र तुला बादल्या आणि कात्र्यांच्या पसाऱ्यात मिळेल. आधी हात धू, मग उघड. उघडलंच असशील तर राहू दे.

अक्षर माझं नाही हे तुला सांगायला नको. ब्याऐंशी वर्षांत जमलं नाही ते आता कुठून जमणार? अक्षर डॉरकस टिकनरचं आहे. लाल सायकलवरून आपल्याकडे टपाल घेऊन यायची, तीच. आता निवृत्त झाली, माझ्या शेजारच्या घरात राहते आणि भिंतीतून माझा रेडिओ ऐकते. ("मी ऐकत नाही, तो ऐकू येतो," असं म्हणतेय. लिही गं, तेही लिही.) मी बोलेन तसं शब्दाला शब्द लिहायचं, असं तिच्याकडून वचन घेतलंय. ती बायबलवर हात ठेवायला निघाली होती. मी म्हटलं, बिस्किटांच्या डब्यावर ठेव, त्यावर तुझी श्रद्धा जास्त आहे.

तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि एक विचारायची आहे. सत्तावीस वर्षं थांबली आहेत ती दोन्ही, आणखी पान-दीड पान थांबतील. आधी बातमी.

मागच्या शनिवारी आमच्या चर्चच्या म्हाताऱ्यांच्या मंडळाची सहल निघाली. म्हणे, इंग्लंडातली फेसाळ वाइन कशी बनते ते पाहायला. मिनीबस सुटली आणि मी टोपी नीट करते न करते तोच थांबली. बाहेर बघते तर आपलंच फाटक! चाळीस वर्षं ज्या फाटकातून मी चेरीच्या टोपल्या बाहेर काढल्या, तिथे मला गाडीत बसवून, पट्टा बांधून, सहलीला नेलं. शेजारचे गृहस्थ मला विचारतात, "काय सुंदर जागा आहे! तुम्ही आला होतात का कधी इकडे?" मी म्हटलं, "एकदा-दोनदा."

बाग विकली, रोवी. तुझे बाबा गेले, त्याच वर्षी. नऊ वर्षं झाली.

डॉरकस पेन थांबवून माझ्याकडे बघतेय. ही अशी वाटेत सांगून टाकायची गोष्ट नव्हे, मलाही कळतं. पण सांगायची चांगली वाट कोणती, ते मला नऊ वर्षांत सापडलेलं नाही. आजारी होते, पण गेले ते झोपेतच. त्रास झाला नाही. तुला कळवायला पत्ता नव्हता, असं मी सगळ्यांना सांगत आले.

बाग आधी एका घोडेवाल्याने घेतली, त्याच्याकडून या बाईने. इमोजेन हिचं नाव. लंडनमध्ये बँकेत होती, चाळिशीला आल्यावर तिला मातीची हौस आली. खालच्या उतारावरच्या चेरी सगळ्या गेल्या. तिथे आता खांब, तारा आणि वेली. परवा छाटणी चालू होती. एकेका खोडावर दोनच काड्या राखायच्या आणि बाकी सगळं कापून टाकायचं. उघडावाघडा मळा, धुक्यात नुसते खांब उभे. कबरस्तानासारखं दिसत होतं, फक्त जास्त नीटनेटकं.

इमोजेन आम्हाला चिखलात उभं करून सांगत होती, "ही खडूची जमीन आहे. फ्रान्सच्या शँपेन भागात आहे तसलीच. उतार दक्षिणेचा. आधीचे लोक इथे चेरी लावत होते. आपल्या पायाखाली काय आहे याची त्यांना कल्पनाच नव्हती."

मी माझ्या पायाखाली बघत राहिले. हेच वाक्य आपल्या स्वयंपाकघरात, हातात पांढरं खडूचं ढेकूळ घेऊन, तू तुझ्या बाबांना ऐकवलं होतंस. त्यांनी ढेकूळ घेऊन खिडकीच्या काचेवर गाढवाचं चित्र काढलं होतं आणि म्हणाले होते, "घे, तुझी वाइन पिणारं गिऱ्हाईक." तेव्हा मी हसले होते. तू माझ्याकडे पाहिलंस, तेही मला आठवतं.

मग आम्हाला शेडमध्ये नेलं. आपलीच चेरी भरायची शेड. आत गारठा आणि पावाच्या पिठाचा आंबूस वास. आणि इमोजेनने विजेरी वर मारली. "आता गंमत बघा. या तुळईवर दोन खुणा कोरलेल्या आहेत. तीनशे वर्षं जुन्या असाव्यात. चेटकिणी आत येऊ नयेत म्हणून लोक अशा खुणा कोरत. मोठी खूण चेटकिणीसाठी. लहान बहुधा तिच्या मांजरीसाठी. आम्ही हीच खूण आमच्या बाटलीवर घेतली आहे."

आणि तिने बाटली वर धरली. लेबलवर सोनेरी रंगात माझा पाखराचा पाय! तीन रेघा, खाली एका ठिकाणी मिळालेल्या.

मंडळातल्या सगळ्यांनी माना वर करून "अरे वा" केलं. मी म्हटलं, "पोरी, ती चेटकीण मीच."

तिला आधी वाटलं, म्हातारी भ्रमिष्ट आहे. मग मी तिला सांगितलं की माझ्या आईवडिलांचं घर चाकांवर होतं. जूनमध्ये चेरी, सप्टेंबरला बिअरसाठी हॉप्सची फुलं, मग सफरचंदं. एका शाळेत पाटी हातात येईपर्यंत आमची गाडी दुसऱ्या गावाला लागायची. अक्षरं राहिली, पण आपली टोपली आपल्याला ओळखता यायला हवी, म्हणून प्रत्येकाची खूण असायची. सात वर्षांची होते तेव्हा आईने मला ही दिली. लग्न होऊन मी या शेडमध्ये पहिल्यांदा उभी राहिले त्या दिवशी चेरीच्या सुरीने ती तुळईवर कोरली. तीनशे वर्षं नव्हे, साठसुद्धा झाली नाहीत.

"आणि लहान खूण?" तिने विचारलं. एव्हाना ती लाल झाली होती, कानापर्यंत.

"माझी मांजर," मी म्हटलं. "सहा वर्षांची होती. मी तिला खांद्यावर घेतलं होतं."

मग तुझं नाव निघालं. तूही हेच करतेस, टास्मानियात गेली होतीस, एवढंच मी बोलले. इमोजेनने फोन काढला, बोटाने दोनदा खरवडलं आणि तू समोर! रबरी बूट, हातात नळी, मागे लांब वेली. खाली पत्ता. दोन मिनिटं लागली असतील. दोन मिनिटं, रोवी. मी सत्तावीस वर्षं समजत होते की पत्ता हरवला आहे.

तुझे केस पांढरे झालेत. मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता डॉरकसचा हात दुखतोय. ("हात नाही दुखत, चहा गार झालाय.") बाकीचं पुढच्या वेळी.

मंगळवार, ७ मार्च

पत्र अजून टेबलावरच आहे. डॉरकसने पाकीट आणलं होतं, मी म्हटलं, संपलेलं नाही ते. ती म्हणाली, "केझाया, चार पानं झाली." मी म्हटलं, "चार पानं झाली पण पत्र सुरूच झालेलं नाही."

मला नोकरी लागली आहे. हसू नकोस. छाटणी करून करून इमोजेनचं मनगट सुजलंय, पट्टा बांधलाय. बाटल्या फिरवायला माणूस नाही. तुला हे काम काय असतं ते माझ्यापेक्षा जास्त माहीत, पण डॉरकसला माहीत नाही आणि तिला कळल्याशिवाय ती लिहीत नाही, तेव्हा ऐक. वाइन बाटलीत दोन-अडीच वर्षं निजून असते. तिचा गाळ पोटाशी बसलेला असतो. तो तोंडाशी आणायचा असतो. म्हणून भोकं पाडलेल्या दोन फळ्या तंबूसारख्या टेकवून त्यात बाटल्या मानेने अडकवायच्या आणि रोज प्रत्येक बाटली थोडीशी वळवायची, थोडीशी उभी करायची. जोरात फिरवली तर गाळ उठतो आणि सगळं पहिल्यापासून. बाटलीच्या बुडावर पांढऱ्या रंगाची एक रेघ असते. काल रेघ कुठे होती, आज कुठे न्यायची, तेवढं लक्षात ठेवायचं.

"लिहावं लागत नाही ना काही?" मी विचारलं.

"नाही, मिसेस हॉगबेन. फक्त रेघ वाचता यायला हवी."

"मग मी तुझ्या मळ्यातली सगळ्यात शिकलेली बाई."

रोज सकाळी चालत जाते. दोन हातांत दोन बाटल्या, टक् टक्, पुढची जोडी. चारशे बाटल्या, तासाभरात होतात. चेरी तोडणारं मनगट कधी विसरत नाही. आत कोणी नसतं. इमोजेन बाहेर वेली बांधत असते. मी बाटल्यांशी बोलते. त्या मला उत्तर देत नाहीत, पण त्यात नवीन काही नाही.

घरी फ्रीज बोलतो, रेडिओ बोलतो. रेडिओला मध्येच थांबवून "म्हणजे काय हो?" असं विचारता येत नाही, हा त्याच्यातला दोष. तुझ्या बाबांना विचारता यायचं. पेपर वाचून दाखवायचे, आठवतं? मंत्र्यांचे आवाज काढायचे. बियाण्यांच्या दुकानाचं पुस्तक आलं की मटार आणि कोबीसुद्धा असे वाचायचे की मला रडू यायचं. पन्नास वर्षं माझे डोळे त्यांच्याकडे होते. ते गेल्यावर माणसं म्हणाली, घर रिकामं वाटत असेल. रिकामं नाही, गप्प झालं. दारातून कागद येतात, मी ते उचलते, टेबलावर ठेवते. कुठला महत्त्वाचा, कुठला पिझ्झावाल्याचा, ते डॉरकस आल्यावर कळतं. मागे एक कागद मी आठवडाभर जपून ठेवला होता. त्याला सुंदर कडा होती. गटार साफ करणाऱ्याचा निघाला.

टॅम्सिनचा फोटो शेकोटीच्या वरच आहे. तू पाठवलास तेव्हा ती पाळण्यात होती, आता बावीसची असेल. मागे फक्त नाव होतं, तुझ्या बाबांनी वाचून दाखवलं. पाकीट त्यांनी शेकोटीत टाकलं. त्यावर पत्ता असणार, हे मला तेव्हाही कळलं होतं.

मी तिची आजी आहे, आणि तिने मला ओळखावं अशी एकच गोष्ट माझ्याकडे आहे, माझी खूण. ती तिकडे आता दुकानात बाटलीवर बघायला मिळत असेल तर कौतुक आहे.

सांगायची गोष्ट या फोटोच्याही आधीची आहे. आज नको. बाहेर पाऊस नाही, मी जरा चालून येते.

सोमवार, २० मार्च

काल मातांचा रविवार होता. चर्चमध्ये पोरं डॅफोडिलच्या जुड्या घेऊन बाकांमधून फिरतात आणि प्रत्येक आईला एकेक देतात. एक पोरगी माझ्यापाशी थांबली, "तुम्ही आई आहात का?" म्हणून विचारलं तिने. डॉरकसने मला कोपर मारलं. मी जुडी घेतली. घरी येऊन ती चहाच्या किटलीत ठेवली, कारण फुलदाणी कुठे आहे ते मला आठवेना. रात्रीपर्यंत चहा प्यायला मिळाला नाही.

आता सांगते.

तू गेलीस त्या वर्षी, शेवटाला, तुझं पत्र आलं. तुझ्या बाबांनी ते मला वाचून दाखवलं, आणि खरं वाचलं. कसं कळलं म्हणशील तर त्यांचा आवाज वाचता वाचता बसत गेला. तू लिहिलं होतंस की एक हंगाम झाला, मला घरी यायचंय. बाबांना सांग, वरचा एकच तुकडा द्या, तेवढा लावून दाखवते. आई, तू हो म्हण, मी तिकीट काढते.

त्यांनी कागद-पेन घेतलं आणि म्हणाले, "बोल."

मी बोलले. रोवी, आयुष्यात इतकी कधी बोलले नव्हते. किटली एकदा उकळून गार झाली, पुन्हा ठेवली, इतका वेळ. ते मान खाली घालून लिहीत होते. मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला, नेहमीसारखा, खाली मी पाय काढावा म्हणून.

कागदावर चार ओळी होत्या.

मला वाचता येत नाही. पण ओळ म्हणजे काय, हे बागेत जन्म काढलेल्या बाईला कळतं. मी अख्खी बाग बोलले होते आणि कागदावर चार रांगा लावलेल्या होत्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. ते म्हणाले, "सगळं आलंय त्यात, केझी."

"वाचून दाखवा," एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द.

मी पेन घेतलं आणि खाली पाखराचा पाय काढला.

तुझ्या बाबांना दोष द्यायला मी हे लिहून घेत नाही. ते गेले, त्यांच्या चार ओळी त्यांच्यापाशी. मला माझ्या तीन रेघांबद्दल बोलायचंय. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला काय माहीत, मी अडाणी बाई. पण मला माहीत होतं. हे एक पत्र खोटं म्हटलं असतं, तर त्या घरात मला वाचून दाखवलेलं सगळंच मनात पुन्हा तपासावं लागलं असतं. आणि ते खोटं निघालं असतं, तर मला उठून तुझ्या बाजूला उभं राहावं लागलं असतं, आणि मग रोज त्याच टेबलावर जेवायला बसावं लागलं असतं. मला ते नको होतं. वाचता न येणं त्या दिवशी माझ्या सोयीचं होतं.

तुझं उत्तर आलं नाही. मी बागेतून टपालाची सायकल बघायची. नंतर सायकल दिसली की शेडमध्ये जायला लागले.

शेवटच्या आजारात तुझ्या बाबांनी दोनदा तोंड उघडलं. "केझी, ते पत्र..." दोन्ही वेळा मी त्यात सुपाचा चमचा घातला.

शुक्रवार, ३१ मार्च

आज संपवायचंच. डॉरकस म्हणते, उद्याची तारीख पडली तर पोरीला वाटेल, एप्रिल फूल करते आहे.

आज सकाळी बाटल्या उघडल्या. चारशेच्या चारशे डोक्यावर उभ्या, गाळ सगळा तोंडाशी. इमोजेनने त्यांच्या माना गोठवल्या, एक उचलली, झाकणाखाली चावी घातली आणि फाट्! गाळाचा गोळा उडाला तो थेट माझ्या टोपीवर. चर्चची टोपी. इमोजेन म्हणाली, "अय्या, मिसेस हॉगबेन, माफ करा!" मी म्हटलं, "असू दे. सत्तावीस वर्षांनी तरी काहीतरी बाहेर आलं." तिने त्या बाटलीतली थोडी मला दिली. हिरव्या सफरचंदाची चव, मागून भाजलेल्या पावाची. चांगली आहे गं. तुझं म्हणणं बरोबर होतं. हे वाक्य मोठ्या अक्षरात काढ असं मी डॉरकसला सांगितलंय.

आता एक झालेली गोष्ट सांगते. सोमवारचं पान तुला वेगळ्या अक्षरात दिसलं असेल. ते इमोजेनचं अक्षर आहे.

झालं असं, की त्या सोमवारी मी पुष्कळ वेळ बोलले. डॉरकस डोळे पुसत पुसत लिहीत होती. मग तिने पान माझ्यापुढे ठेवलं. मी पाहिलं, तर पान अर्ध्यावर संपलेलं.

ती घरी गेली. मी ते पान धरून खुर्चीत बसले. इतकी वर्षं झाली आणि पुन्हा तोच कागद माझ्या हातात! आणि तुला खरं सांगते, पेन शेजारीच होतं, आणि पाय काढून टाकावा असं पुन्हा वाटलं. डॉरकस माझी एकुलती एक मैत्रीण आहे. तिच्याशी भांडले तर बोलायला फ्रीज उरतो.

मागच्या शुक्रवारी पान घेऊन शेडमध्ये गेले. इमोजेनला म्हटलं, "हे वाच. मोठ्याने. काही गाळू नकोस." तिने वाचलं. पानात होतं की मला बिचारीला तेव्हा काही कळलं नाही, माझ्या भोळेपणाचा फायदा घेतला गेला. सूप तर नव्हतंच. मग मी पुन्हा पहिल्यापासून बोलले आणि इमोजेनने, पट्टा बांधलेल्या हाताने, ते पान नव्याने लिहिलं.

घरी आले ते सरळ डॉरकसच्या दारात.

"काय लिहिलंस तू, डॉरकस?"

"अगं, इतकं कठोर कशाला लिहायचं? इतक्या वर्षांनी पहिलं पत्र! पोरीला काय वाटेल तुझ्याबद्दल?"

"जे आहे ते वाटेल."

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"तेही तेच म्हणाले असते," मी म्हटलं.

तिने दार लावलं. तीन दिवस भिंतीपलीकडून आवाज नाही. मी रेडिओ मुद्दाम मोठा ठेवला. चौथ्या दिवशी ती आली, हातात घरी भाजलेल्या स्कोन्सची बशी, डोळे सुजलेले. म्हणाली, "ते पत्र मीच नेलं असणार, केझाया. माझ्याच पिशवीतून गेलं ते. मला सारखं तेच वाटतंय." मी म्हटलं, "तू टपालवाली होतीस, त्यात काय होतं ते तुला कुठून कळणार?" ती म्हणाली, "पातळ होतं एवढं आठवल्यासारखं वाटतं." मग आम्ही दोघींनी स्कोन्स खाल्ले. करपले होते. हे तिने गाळलेलं नाही, बघ, लिहिलंय.

आता विचारायचं ते.

त्या चार ओळींत काय होतं, रोवी? मी खाली पाय काढला, पण वर काय आहे ते मला आजतागायत ठाऊक नाही. पत्र तुझ्याकडे असेल तर, किंवा नसेल आणि पाठ असेल तर, मला लिही. जसं आहे तसं लिही. डॉरकस वाचेल, मग इमोजेन वाचेल. दोघींचं जुळलं की मी खरं धरेन. मला दुसरं काही नको. म्हणजे हवंय, पण मागायचा हक्क मला एवढ्याचाच आहे.

आणि मी बोलले होते ते काय, हेही तुला कळायला हवं. सगळं आठवत नाही, पण एवढं होतं: ये. तिकीट काढ आणि ये, तुझ्या खोलीतल्या बरण्या मी हलवते. वरचा तुकडा मी त्यांच्याकडून घेते, कसा ते माझं मी बघेन. त्या दिवशी खिडकीवरच्या गाढवाला मी हसले, ते मला डाचतंय. हसायला नको होतं. मला वाइनमधलं काही कळत नाही, पण तू मातीचं ढेकूळ हातात धरलंस तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला होता, आणि तेवढं मला वाचता येतं. ये. मोठा कोट घालून ये, इथे थंडी आहे.

हे पत्र तुला सत्तावीस वर्षं उशिरा मिळतंय. तुकडा आता इमोजेनचा आहे, त्यावर वेली उभ्या आहेत, काल पहिले डोळे फुगलेले दिसले. माझ्याकडे द्यायला एक मागची खोली आहे आणि बरण्या हलवायला मी आहे. बाकीचं तू ठरव. नाही आलीस तरी मी रोज सकाळी मळ्यात जाते. इमोजेनने पुढच्या चारशे बाटल्या लावल्या आहेत.

सोबत बाटलीवरचं लेबल पाठवते. सोनेरी पाय छापलेला आहे, तो खरा धरू नकोस, मला विचारून छापला नव्हता.

हे सगळं डॉरकसने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मग मी ते शेडमध्ये नेलं, इमोजेनने पुन्हा वाचलं. दोघींनी तेच वाचलं. नंतर इथल्या शेवटच्या ओळी डॉरकसने लिहिल्या, त्याही दोघींकडून वाचून घेतल्या. मग पेन मागून घेतलं. मधली रेघ वाकडी आली तर येऊ दे.

खालचा पाय माझा.

तुझी आई

\|/